कपाटातली बंदूक, अंगावरची वर्दी

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. राधानगरी तालुक्यातलं डोंगराकडेचं गाव, गावची मुलाणकी (मुसलमान बलुतेदाराचं वतन) आमच्या घरात, आणि रानाला लागून दोन एकर भात. भात पोटरीत आलं की रानडुकरं उतरायची. अपरात्री कुणीतरी दार वाजवायचं, "चाचा, उठा, खालच्या अंगाला आल्यात." आजोबा कंदील मोठा करायचे. नळीत दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, लोखंडी गजानं ठासायचं, आणि शेवटी तांब्याची बारकी टोपी घोड्याखाली बसवायची. हे सगळं दारात उभ्या माणसाशी बोलता बोलता व्हायचं. मग बांधावर जाऊन हवेत एक बार. आवाज डोंगरातून फिरून यायचा आणि सगळी वाडी झोपायला मोकळी व्हायची. गावात तिला 'मुलाण्याची बंदूक' म्हणायचे, पण ती सगळ्यांची होती. निवडणूक लागली की आजोबा ती घोंगड्यात गुंडाळून एसटीनं ठाण्यात जमा करायला न्यायचे, निकाल लागला की परत आणायचे.

आजोबा गेले आणि १९९३ च्या पावसाळ्यात वडील ते लायसन स्वतःच्या नावावर करून घ्यायला गेले. मी बरोबर होतो. टेबलामागच्या माणसानं कागद वरखाली केले, नाव वाचलं आणि मान वर केली. "तुम्हाला कशाला हवी बंदूक?" कारण अर्जात लिहिलेलं होतं. तलाठ्याचा दाखला होता, सरपंचांचं पत्र होतं. पण त्या वर्षी मुंबईत दंगल आणि बॉम्बस्फोट झाले होते, आणि त्या 'तुम्हाला' मध्ये आम्ही बापलेक दोघंच नव्हतो, आणखी पुष्कळ माणसं होती. वडिलांनी कागद गोळा केले आणि त्या पायऱ्या पुन्हा कधी चढले नाहीत. बंदूक जमा होती ती जमाच राहिली.

तो प्रश्न मला एकतीस वर्षांनी पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी तो उलट्या बाजूनं आला. २०२४ च्या जुलैत विशाळगडावरच्या अतिक्रमणाचा वाद पेटला होता. १४ तारखेला जमाव पायथ्याच्या गजापुरात शिरला. वाद गडावरच्या बांधकामांचा, मार खाल्ला पायथ्याच्या वाडीनं. घरं फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीची नासधूस केली. त्याच आठवड्यात माझा पुतण्या भेटला. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात त्याचा लेथ आहे. हात पुसत म्हणाला, "चाचा, आपण एक लायसन काढूया. गेल्या वर्षी शटर ओढून आत बसलो. पुढच्या वेळी शटर तोडलं तर काय करायचं?"

गेल्या वर्षी म्हणजे ७ जून २०२३. मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर बंद झालं होतं, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. त्या दिवशी त्याला मागच्या दारानं स्वतःच्या घरी नेणारा शेजारचा फाउंड्रीवाला मराठा होता, हेही पुतण्याच सांगतो. पण दर वेळी शेजारी हजर असेलच असं नाही, हे त्याचं म्हणणं. ते मला खोडता आलं नाही.

त्याला "असलं काही डोक्यात आणू नको" असं म्हणून गप्प करणं सोपं होतं. आपल्याकडची वडीलधारी माणसं तेच करतात. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. एखाद्या गावात बौद्ध वस्तीवर दगड पडतात तेव्हा तिथला तरुणही हेच विचारतो. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे आणि ते एकमेकांना छेद देतात असं वरवर वाटेल. नियमात बसणाऱ्या माणसाला जात-धर्म बघून लायसन नाकारणं अन्याय आहे आणि त्याविरुद्ध भांडायला हवं. आणि तरीही, आपल्या समाजाला वाचवायचं साधन म्हणून बंदुकीकडे बघणं ही मोठी चूक आहे.

आधी हक्काचं. या देशात बंदुकीच्या कायद्याचा जन्मच भेदभावातून झाला. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट. एका अख्ख्या राष्ट्राचं शस्त्र काढून घेणारा हा कायदा इंग्रजी राज्याचं सगळ्यात काळं कृत्य आहे, असं गांधीजींनी लिहून ठेवलं आहे. अहिंसेचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाला तो अपमान वाटला, कारण प्रश्न विश्वासाचा होता. राज्य कुणावर विश्वास ठेवतं आणि कुणावर नाही, हे बंदुकीच्या परवान्यात जेवढं उघड दिसतं तेवढं दुसऱ्या कुठल्या कागदात दिसत नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. वाटेल त्याला सरसकट शस्त्र देणं समाजाच्या हिताचं नाही, आणि हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याचं कर्तव्य मोठं, असा त्यांचा रोख होता. या उत्तराकडे मी पुढे परत येणार आहे, कारण आमच्या घरातल्या भांडणाचं उत्तरही त्यातच आहे.

आज चालतो तो १९५९ चा कायदा. त्याच्या कलम १४ मध्ये दोन गोष्टी आहेत ज्या प्रत्येक अर्जदारानं पाठ कराव्यात. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. आणि नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि सार्वजनिक हिताची आडकाठी नसेल तर मागितल्यावर ती द्यावीही लागतात. त्यावर कलम १८ खाली अपील आहे. म्हणजे "तुम्हाला कशाला हवी" हे तोंडी वाक्य कायद्यात कुठेच बसत नाही. माझ्या वडिलांनी त्या दिवशी "लिहून द्या" एवढंच म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण १९९३ मध्ये एका मुलाण्यानं टेबलापुढे उभं राहून "लिहून द्या" म्हणायला किती छाती लागली असती, याचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात नसतो. जिल्ह्यात किती अर्ज आले, किती नाकारले, कोणत्या कारणानं नाकारले, हे दर वर्षी जाहीर व्हायला हवं. नावं नकोत, आकडे द्या. भेदभाव असेल तर दिसेल, नसेल तर आमचाही संशय जाईल.

याच देशात एका छोट्या समाजाला परवान्यातूनच सूट आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव लोकांना आणि वंशपरंपरेच्या 'जम्मा' जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून ही मुभा आहे, ती २०२९ पर्यंत वाढवली आहे आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली. त्यांच्या घरात बंदुकीची पूजा होते, मूल जन्मलं तर बार काढतात. राज्याचा त्यांच्यावर विश्वास आहे. तो असावाच. पण विश्वास हा काही ठरावीक समाजांच्याच वाट्याला येणारं वतन नसावं.

आणि एक नियम असा आहे जो बहुतेकांना ठाऊकच नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाचा कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ म्हणतो की अत्याचाराची भीती असलेला भाग आधी ओळखा. तिथल्या बिगर दलित-आदिवासी माणसांचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करा आणि हत्यारं सरकारात जमा करा. बेकायदा बंदुका जप्त करा. आणि त्यानंतर, गरज वाटली तर, दलित-आदिवासींना स्वतःच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्या. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्यानं कुणी तो लिहिला त्याला गाव माहीत होतं. दुबळ्याच्या हातात बंदूक देण्याआधी दांडग्याच्या हातातली काढून घ्या. आपण सगळे या परवान्याच्या पोटनियमावर वाद घालतो. त्याच्या आधीचे कुणी वापरले तर त्याची गरज फारशी उरणार नाही.

आता दुसरा तुकडा. पुतण्याला मी काही युक्तिवाद केला नाही. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातलं एक कोष्टक त्याच्यापुढे ठेवलं. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेल्यांतल्या बहुतेकांची ओळखच पटली नाही. ती कशानं मेली तेही आयोगानं मोजलं आहे. पोलिसांच्या गोळीबारात ३५६. भोसकून ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या मारहाणीत ८०. इतर कारणांनी ४. आणि खाजगी गोळीबारात २२.

हे आकडे सावकाश वाचावेत. एवढ्या मोठ्या शहरातल्या एवढ्या मोठ्या दंगलीत खाजगी बंदुकीनं बावीस माणसं मेली आणि सरकारी बंदुकीनं तीनशे छप्पन. म्हणजे दंगलीत ज्या बंदुकीवर माणसाचं जगणं-मरणं ठरतं ती सरकारी असते. ती कुणाच्या खांद्यावर आहे, ती कुणीकडे वळते, ती वेळेवर पोचते का, आणि पोचल्यावर तिच्या मागचा माणूस समोरच्या वस्तीला आपली मानतो का, हे चार प्रश्न सुटले नाहीत तर प्रत्येक घरात एकेक पिस्तूल असून काही उपयोग नाही. आणि भोसकलेली तीनशे सत्तेचाळीस माणसं? ती गल्लीच्या तोंडाशी, एकटी, पाठीमागून गाठलेली. तिथे कपाटातली बंदूक काय करणार होती?

गजापूर डोळ्यापुढे आणा. भर दिवसा शेकड्यांनी माणसं वाडीत शिरताहेत. एका घरातून एक बार निघाला असता तर काय झालं असतं? एखादा पडला असता. त्यानंतर त्या वाडीतली माणसं जिवंत राहिली असती का? आणि दुसऱ्या दिवशीची बातमी काय असती? आज निदान हल्ला कुणी केला आणि कुणावर झाला याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नाही. एका गोळीनं तो पुरावाच उलटा झाला असता. आपल्या कायद्यानं जिवाचं रक्षण करायचा हक्क दिला आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो सविस्तर आहे, आधी तो दंड संहितेतही होता. पण तो हक्क सिद्ध करायचा असतो कोर्टात, वर्षानुवर्षं, आणि तोवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो तो गोळी झाडणारा. त्याचं नाव काय आहे यावर त्या वर्षांची लांबी ठरू नये. पण ठरते, ही आमच्या लोकांची भीती आहे आणि ती हवेतली नाही.

अमेरिकेत तर बंदूक हा घटनेनं दिलेला हक्क, १७९१ पासूनचा. तिथल्या काळ्या माणसाला त्याचं काय मिळालं? मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर जानेवारी १९५६ मध्ये बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. १९६६ मध्ये ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर ही काळ्या लोकांची संघटना उभी राहिली. कायद्यानं चालत होतं म्हणून ते उघड बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवायचे. मे १९६७ मध्ये ते तसेच कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले आणि त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या तरुणाची गाडी पोलिसानं थांबवली. त्यानं स्वतः होऊन सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. तिचा परवाना होता. काही क्षणांत पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. परवाना खिशात असणं आणि परवान्यावर समोरच्यानं विश्वास ठेवणं, या दोन गोष्टींमधल्या फटीत तो मुलगा गेला.

आपल्या दलित पँथरनं १९७२ मध्ये त्या पँथरचं नाव घेतलं, पण बंदूक घेतली नाही. कविता, मोर्चे, पत्रकं घेतली. ती माणसं भित्री होती असं कुणी म्हणू धजणार नाही.

इथे पुतण्यानं मला अडवलं, आणि त्याचं बरोबर होतं. "म्हणजे बंदुकीनं कधीच कोण वाचलं नाही?" वाचले आहेत. लुईझियानातल्या जोन्सबरो गावात १९६४ मध्ये काळ्या लोकांनी, त्यांत लढाईवरून परतलेले सैनिक होते, हत्यारी पहारे बसवले आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीपासून सांभाळलं. आपल्याकडे जम्मूच्या डोंगराळ भागात १९९५ पासून ग्राम संरक्षण समित्या, आताचे ग्राम संरक्षण गट, आहेत. दूरवरच्या, बहुतेक हिंदू, वस्त्यांना सरकारनं जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली दिल्या. जानेवारी २०२३ मध्ये राजौरीजवळच्या धांगरी गावात अतिरेकी घरात घुसून गोळ्या घालत होते, तेव्हा गावातल्याच एकानं आपली ती जुनी रायफल चालवली. आणखी माणसं मेली असती ती वाचली. हे मी नाकारत नाही. नाकारणारा माणूस त्या गावात एक रात्र राहून आलेला नसतो.

पण ती रायफल सरकारनं दिलेली होती, नोंदलेली होती, आणि समोर दोन-चार बंदूकधारी होते, शेजारच्या गावाचा जमाव नव्हता. एवढं असूनही त्या समित्यांमधल्या काहींवर खुनापर्यंतचे गुन्हे नोंदले गेले. छत्तीसगडमध्ये आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या, तेव्हा जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. तुटपुंज्या मानधनावर, अपुऱ्या प्रशिक्षणावर त्यांना मरायला पुढे केलं होतं. मणिपूरचं तर आपण बघितलंच. मे २०२३ नंतर शस्त्रागारं लुटली गेली, हजारो हत्यारं गावागावांत गेली, दोन्ही बाजूंनी पहारे बसले. कोण सुरक्षित झालं? राज्याच्या मधोमध माणसं ओलांडू शकत नाहीत अशी रेघ पडली. आणि मे २०२५ मध्ये आसाम सरकारनं ठरवलं की धुबरी, बारपेटा यांसारख्या मुसलमान बहुसंख्य असलेल्या जिल्ह्यांत 'मूळ निवासी' लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे. त्या जिल्ह्यात ते अल्पसंख्य, राज्यात बहुसंख्य. उद्या शेजारचा मुसलमान गाववाला तोच अर्ज घेऊन गेला तर त्याला काय उत्तर मिळेल? अल्पसंख्य कोण हे कुठल्या नकाशावर बोट ठेवता यावर ठरतं. एकदा समाज बघून बंदुका वाटायला लागलं की त्या वाटपात सत्तेत वाटा नसलेल्याचा नंबर शेवटीही लागत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते या मातीत त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे आणि आपण ते विसरलो.

शाहू महाराजांच्या संस्थानात फासेपारध्यांना रोज हजेरी द्यावी लागायची. जन्मानंच गुन्हेगार म्हणून शिक्का. महाराजांनी १९१८ मध्ये ती हजेरी बंद केली. पण नुसती बंद करून थांबले नाहीत. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच पहाऱ्याची कामं दिली, सोनतळीच्या कॅम्पावर ठेवून घेतलं. ज्यांना सगळे भ्यायचे त्यांच्या भरवशावर राजा झोपायचा. ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही, त्याच्यावर विश्वास टाकून त्याला राज्याचा भाग करायचं, ही ती रीत. १९०६ ची मोहामेडन एज्युकेशन सोसायटी असो, १९०२ च्या निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम असो, रीत तीच.

आणि महार समाजाचा लष्कराचा लढा. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढवय्या जाती' चं खूळ काढून महारांची भरती बंद केली. ज्यांचे बाप-आजे कंपनीच्या पलटणीत लढले त्यांना सांगितलं की तुम्ही लढाऊ नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेब मागे लागले, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला इथून शंभरेक किलोमीटरवर, बेळगावात, महार रेजिमेंट उभी राहिली. शूद्र-अतिशूद्रांना शस्त्र धरता येत नव्हतं आणि शस्त्राशिवाय बंड करता येत नव्हतं, हे १९३६ साली लिहिणारा हाच माणूस. शस्त्राचं मोल त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल? तरी त्यानं प्रत्येक महारवाड्यासाठी बंदुकीचे परवाने मागितले नाहीत. त्यानं पलटण मागितली. आता १९४८ चं ते उत्तर पुन्हा वाचा, कर्तव्य हक्कापेक्षा मोठं का म्हटलं ते लक्षात येईल. कपाटातली बंदूक एका घराला, तीही फार तर एका रात्रीपुरती, उपयोगी पडेल. अंगावरची वर्दी मात्र गावाची नजर बदलते. वर्दीतल्या माणसापुढे "तुम्हाला कशाला" म्हणणाऱ्याला उभं राहावं लागतं.

त्या वर्दीचं आज काय आहे? मुसलमानांची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीनं २००६ मध्ये दाखवलं की देशात मुसलमान १३.४ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के. आमच्या भागात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं कमी नाहीत. कोल्हापूरला बंदूकही परकी नाही. दुधाळीच्या रेंजवर घडलेली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं एशियाडचं सोनं आणलं, आपल्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून पदक आणलं. हत्यार कसं धरावं हे या जिल्ह्याला शिकवायला नको. माझ्या मोहल्ल्यातल्या पोरींनी दुधाळीवर जावं, पोरांनी भरतीच्या रांगेत उभं राहावं, आणि त्यांचा अर्ज नाव बघून बाजूला पडत नाही याची खात्री सरकारनं द्यावी. मशिदीतून, बुद्धविहारातून, तालमीतून यासाठी वर्ग चालावेत. हे काम दहा-पंधरा वर्षांचं आहे हे मला ठाऊक आहे.

एक गोष्ट बोलायची राहिली आणि तिच्याशिवाय कोल्हापुरात बंदुकीवर बोलूच नये. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी परतणाऱ्या कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे (आमचे अण्णा) आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर मोटारसायकलवरून गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी अण्णा गेले. हल्ल्याच्या सकाळी सागरमाळावर मी गेलो होतो. रस्त्यावर खडूनं वर्तुळं काढलेली होती, आणि त्यांच्या कडेनं माणसं काही न बोलता उभी होती. अण्णांच्या खिशात पिस्तूल असतं तर, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. मारायचं ठरवून आलेला माणूस समोरच्याला खिशात हात घालायला वेळ देत नाही. त्या दिवशीची खरी मागणी तपासाची होती, आणि ती मागणी घेऊन या गावातले लोक वर्षानुवर्षं सकाळी फिरायला एकत्र निघत राहिले. गोळीला दिलेलं ते उत्तर मला आजही सगळ्यात धीराचं वाटतं.

पुतण्यानं हे सगळं ऐकलं. त्याचं वय छत्तीस, भरतीचं वय केव्हाच गेलं. तो म्हणाला, "ठीक आहे चाचा. पलटण होईल, वर्दी येईल. तवर?"

त्या 'तवर' ला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही, आणि आहे असं मी त्याला भासवलं नाही. जमावाच्या हिंसेबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०१८ ला निकाल दिला आहे. प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायचा, भडकाऊ मजकुरावर आणि संवेदनशील भागांवर आधीपासून नजर ठेवायची, बळींना भरपाईची योजना करायची, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावरही कारवाई करायची. कागदावर हे सगळं आहे. म्हणून आम्ही दहा-बारा जण बसलो. त्यांत तो फाउंड्रीवाला होता, बौद्ध वस्तीतले दोघं होते, एक वकीलबाई होत्या. आम्ही एक निवेदन लिहिलं. आमच्या भागासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन चौकात लावा. मोर्च्याला परवानगी देताना वाटेवरच्या वस्तीला आदल्या दिवशी कळवा. पोलीस किती मिनिटांत पोचले याची नोंद ठेवा आणि ती मागितल्यावर द्या. शस्त्रपरवान्यांच्या अर्जांचे आकडे जाहीर करा. वस्तीवर हल्ल्याची चिन्हं दिसली तर आधी आजूबाजूची हत्यारं जमा करा.

निवेदन देताना टेबलामागच्या माणसानं वाचलं आणि विचारलं, "हे सगळं तुम्हाला कशाला हवंय?" वकीलबाई म्हणाल्या, "घ्यायचं नसेल तर तसं लिहून द्या." त्यानं घेतलं. आमच्या प्रतीवर आवकचा निळा शिक्का आहे, खाली तारीख आहे. तिला सव्वीस दिवस झाले. उत्तर आलेलं नाही. सोमवारी दुपारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, पुतण्या लेथ बंद ठेवून येतो म्हणालाय.